चौथी पातळी

या संगीताला शेवटच नाही, ही पहिली अडचण.
चाळीस सेकंद पुढे जायचं
आणि गुपचूप पहिल्या सुरावर परतायचं,
घाण्याच्या बैलासारखं,
खेळणारा जिंकेपर्यंत, मरेपर्यंत,
किंवा घरातलं कुणी वीज बंद करेपर्यंत.

कातोवित्सेच्या सभागृहात मात्र
लोक तिकीट काढून येतात, ओव्हरकोट देऊन टोकन घेतात.
टाळ्या कुठे वाजवायच्या
ते त्यांना कळायला हवं.

बोग्ना व्हिल्क रात्री हिशेब मांडते:
एकोणऐंशी वादक, दोन तालमी,
दहानंतरच्या दर पाव तासाला दीडपट,
हार्पची वाहतूक वेगळी.
ओसाकातली कंपनी बुडाली,
तिचे हक्क घेणारी दुसरीही बुडाली.
तिसरीच्या वकिलाचं पत्र येतं:
मूळ स्वरलिपी उपलब्ध नाही.
कधी होती, याचीही नोंद नाही.

म्हणून यागोदा जुनी कॅसेट लावते
(फुंकर मारून. अजूनही फुंकर मारूनच)
आणि कानाने उतरवून घेते:
तीन आवाज, चौथा नुसता खरखराट.
खरखराट म्हणजे समुद्र, की पावलं, की स्फोट?
तेव्हा तिघांना मिळून तो एकच पुरायचा.
आता प्रत्येकाला वेगळा माणूस लागतो
आणि त्या माणसाला जेवणाची सुट्टी.

लुदोमिर, वय एकसष्ट, कॉन्ट्राबसून,
आयुष्यात कंट्रोलर हातात न धरलेला,
तालमीत हात वर करतो:
"सत्तावीस ते साठ. इथे कोण कुणाला मारतंय?"
"कोणीच नाही," यागोदा म्हणते.
"हा थांबवलेला पडदा आहे.
खेळणारा जेवायला गेलाय.
तलवारवाला पुलावर एकटाच उभा आहे, श्वास घेत."
लुदोमिर चष्मा पुसतो.
मग तेवढा भाग असा वाजवतो
की जेवायला गेलेलं कुणी
आता परतायचं नाही.
कंडक्टर बोलत नाही काही,
पेन्सिलीने एक बारीक खूण करतो.

शेवटाचं भांडण शेवटच्या आठवड्यापर्यंत.
यागोदाला हवा पितळी वाद्यांचा सूर्योदय.
बोग्ना म्हणते, छे.
आमच्याकडे हे असं संपायचं:
आई दवाखान्यातून रात्रपाळी करून यायची
आणि बूट न काढता प्लग उपटायची.
तिसऱ्या पातळीवर. दर वेळी तिसऱ्याच.
भाऊ शेवटचा जीव तसाच हातात धरून
काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसायचा.
तसं लिही. सुराच्या ऐन मध्यात.
"लोकांना वाटेल, आम्ही चुकलो."
"वाटू दे."

शनिवार. बाराशे माणसं.
अंधारात मांड्यांवर हलणारे अंगठे,
दोन हजार चारशे, एखादा कमीजास्त.
पूल झाला, दलदल झाली, घंटाघर झालं,
मग चौथी पातळी, एकट्या ओबोवर,
खाली व्हायोलिनं हलकेच
एकमेकींवरून ओघळत,
ओबो वर चढतो, वळतो, आता उतरणार, आणि

समेवर यायला निघालेली मान
वाटेतच अडकावी, तसं सभागृह.

बाल्कनीतून एक जाडजूड, टक्कल पडलेला आवाज:
"आई, अजून पाच मिनिटं!"
हसू फुटतं. बराच वेळ हसतात.
पहिल्या रांगेतली एक बाई
हसता हसता पर्समध्ये रुमाल शोधत राहते.

बोग्ना मागच्या दाराशी. घड्याळात नऊ सत्तावन्न.
दीडपट वाचलं.
बाहेर बर्फात ट्रक लागलाय,
टिंपनी न्यायला आलेला तोबियाश
दाराच्या फटीत उभा, खांद्यावर पट्टे.
"ते शेवटचं," तो विचारतो, "कितवी पातळी?"
"चौथी."
तो एक पट्टा ताणून बघतो,
बक्कल लावतो, पुन्हा सोडतो.
"म्हणजे पुढे पाणी होतं तर," तो म्हणतो.
"मला वाटायचं, आगच असणार."